रोपवाटिकेचे बारा व्हिडिओ

लोहाऱ्यात मी छोट्या दुकानांच्या जाहिराती मोबाइलवर चालवते. हल्ली नटवलेली जाहिरात कुणी बघत नाही. मालक स्वतः समोर येऊन बोलला तर लोक थांबतात. माझी पद्धत ठरलेली आहे. मालकाने पाच-सहा शर्ट आणायचे, एका दिवसात बारा व्हिडिओ काढायचे, मी त्यांना तारखा लावून ठेवायच्या. मग ते ठरल्या दिवशी आपोआप पेजवर पडतात. वहीत यादी, पडला की खूण.

माकणी रस्त्यावरच्या रोपवाटिकेचे असेच काढले. मालक रोपांच्या ट्रेमागे जाऊन शर्ट बदलत होते आणि त्यांची बायको हसत होती. "लग्नातबी एवढे बदलले न्हाईत तुमी."

तिसरा व्हिडिओ पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. रोपांना पाणी देताना, उभ्या उभ्या.

मी भेटून आले, घरी येऊन राहिलेली कामं उरकली. तारखा थांबवायचं मात्र यादीत नव्हतं. गुरुवारी सकाळी आठला चौथा व्हिडिओ पडला. निळा शर्ट, हातात मिरचीचं रोप. "रोप घेताना शेंडा बघू नका, मुळी बघा." खाली लोक भाव विचारत होते.

मी तो पेजवरून काढायला घेतला तेवढ्यात मालकांच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला. मी माफी मागू लागले.

"काढू नगा," त्या म्हणाल्या. "पुढचा कधी हाय?"

"पुढच्या गुरुवारी. आठला."

"बरं."

दर गुरुवारी त्या आठच्या आत काम आटपून मोबाइल घेऊन बसतात, हे त्यांच्या दिराने सांगितलं. तो वैतागला होता. गिऱ्हाइकं फोन करून 'मालकाला द्या' म्हणत. काही आठवड्यांनी तो माझ्याकडे आला. "ताई, आता त्याच आवाजात, त्याच तोंडानं नवे बनवता येतेत म्हणं. धंदा चालंल, वहिनीलाबी बरं वाटंल."

बनवता येतात. मी वहिनींना फोन लावला.

"ते जे बोलले न्हाईत ते त्यांच्या तोंडी घालू नगा," त्या म्हणाल्या. "हायत तेवढे बास. किती राहिलेत?"

वही समोर होती. "एक."

"त्यात काय हाय?"

"टरबुजाची रोपं. मध्येच विसरतात आणि तुमच्याकडे बघून विचारतात, पुढं काय गं?"

"ते कापलंय का तुमी?"

"नाही." कापायचं राहून गेलं होतं.

"मग ह्या गुरुवारी नगा टाकू. पुढच्या टाका."

तेव्हापासून बुधवारी त्यांचा फोन येतो. "उद्या नगो, ताई." मी तारीख आठ दिवस पुढे सरकवते. टरबुजाचा हंगाम कधीच सरला. रोपवाटिका दीर चालवतो, त्याचे स्वतःचे व्हिडिओ चांगले चालतात.

या बुधवारी फोन आला नाही. विसरल्या असतील, किंवा बघायला तयार झाल्या असतील. विचारायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. मग संध्याकाळी तारीख मीच पुढे ढकलली.