हाळी वाजवणारा डबा

राणीनं पिशवीतून लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला, तसा दुकानदार लालासाहेब दोन बोटं मागे सरकला. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं माल उलटसुलट करून बघायची, घासाघीस करायची, तोंड वाकडं करून निघून जायची. स्वतःचा कॉम्प्युटर आणून मालाची परीक्षा घेणारं गिऱ्हाईक तो पहिल्यांदाच बघत होता.

"ताई, गाणीच ऐकायचीत ना? मग घ्या कुठलाही. सगळे वाजतात."

"वाजतात हो. पण मी भरलेलं वाजवतात का, ते बघायचंय."

राणी एका छापखान्यात अक्षरजुळणीचं काम करायची. हा लॅपटॉप छापखान्यानं मोडीत काढलेला. विंडोज चालू केलं की त्याला धाप लागायची. तिनं विंडोज पुसून त्यावर लिनक्स टाकलं आणि तो पुन्हा पळायला लागला. तेव्हापासून लिनक्सचा अभिमान तिच्या डोक्यात जरा जास्तच गेला होता. कुणी विंडोजचं नाव काढलं की ती नाक मुरडायची. आपण केलं म्हणजे बरोबरच असणार, हा तिचा स्वभाव, आणि तो पुढे अंगाशी येणार होता.

लालासाहेबानं गाणी वाजवणाऱ्या स्पीकरचा पहिला डबा दिला. त्यात भजनं आधीच भरलेली, नवीन काही घालायची सोयच नव्हती. दुसरा दिसायला देखणा, पण त्यात काही भरायचं तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागायचं आणि ते फक्त विंडोजवर चालायचं. राणीच्या लॅपटॉपनं त्याची ओळखसुद्धा दाखवली नाही. तिसऱ्याचा आवाज मोठा होता, पण बटणं नव्हती. काचेवर बोट फिरवायचं.

"हे चालणार नाही," राणी म्हणाली. "आमच्या आबांच्या बोटांना घट्टे आहेत. काचेला त्यांचं बोट लागलेलंच कळत नाही."

"आबा काय ऐकणार आहेत?"

"आबा नाही ऐकणार," राणी म्हणाली. "मेंढरं ऐकणार आहेत."

आबा म्हणजे तिचे वडील, धुळा. माण तालुक्यातल्या माळरानावरचा धनगर. या माणसाची हाळी टेकडीच्या पलीकडे ऐकू जायची. काठी त्यानं मेंढरांवर कधी उगारली नाही, त्याची गरजच पडली नाही. निघायची एक हाळी, थांबायची एक, वळायची एक. एवढ्यावर सगळं खांड, म्हणजे आख्खा कळप, शाळेतल्या पोरांपेक्षा शिस्तीत चालायचा. पण यंदा पावसाळ्यात घशात गाठ निघाली आणि मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधी राणीनं गावी जाऊन त्याच्या तिन्ही हाळ्या माळावरच मोबाइलमध्ये भरून घेतल्या. तेव्हा तिला फक्त बापाचा आवाज जपून ठेवायचा होता, त्याचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.

ते धनाजीनं ठरवलं. धनाजी धुळाचा पुतण्या, मनानं वाईट नव्हे, पण बोलायला रोखठोक. ऑपरेशननंतर धुळा राणीच्या खोलीवर राहत होता, त्याला भेटायला तो आला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "नाना, दिवाळी झाली की वाडा निघणार. आवाज न्हाई तर मेंढरं हायवे कशी वलांडायची? तुमचं खांड माझ्या खांडात घाला. तुमी ऱ्हावा हितंच, लेकीजवळ. आराम करा."

धुळा काही बोलू शकत नव्हता. तो उठला, खिडकीपाशी गेला आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत राहिला. दुपारच्या भाकरीला त्यानं हात लावला नाही. राणीला कळायचं ते कळलं. खांड गेलं तर हा माणूस या खोलीत फार दिवस काढणार नाही.

राणीनं माळावर जाऊन मोबाइलवर हाळी वाजवून बघितली, तर मधेच छापखान्यातून फोन आला आणि मेंढरं उधळली. साध्या फोनचा आवाज पहिल्या चार मेंढरांच्या पुढं जाईना. म्हणून ही दुकानातली परीक्षा.

चौथा डबा ओबडधोबड, पट्ट्यानं गळ्यात अडकवायचा, बटणं अंगठ्याएवढी. राणीनं वायर जोडली. लॅपटॉपवर तो साध्या पेनड्राइव्हसारखा उघडला. कुठलं सॉफ्टवेअर नको, कुणाची परवानगी नको. तिनं निघायची हाळी त्यात घालून तिथंच वाजवली, आणि दुकानाबाहेर मोटरसायकलवर बसलेला एक माणूस दचकून उतरला.

"हाच द्या," राणी म्हणाली.

बापाला घेऊन गावी गेल्यावर तिनं त्याला शिकवलं. मधलं बटण दाबलं की निघायची हाळी. पुढचं एकदा दाबलं की थांबायची, आणखी एकदा दाबलं की वळायची. पहिल्या दिवशी मेंढरांनी नुसत्याच माना वर केल्या. दोन-चार दिवसांत चालायला लागली. धुळा अंगठ्यानं बटणं चाचपायचा, बघायचासुद्धा नाही. धनाजी लांब उभा राहून बघत होता.

"माळावर ठीक हाय," तो म्हणाला. "हायवेवर बगू. तितं इस्कोट झाला तर तिथनंच खांड माज्याकडं. चालंल नाना?"

धुळानं मान हलवली. शब्द दिल्यासारखंच झालं ते.

वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाडासकट चराईला जाणारा सगळा तांडा, निघाला, मुक्काम करत करत कराडच्या अलीकडे पोचला. राणी रजा टाकून सांगलीहून एसटीनं तिथं आली. हायवेच्या रुंदीकरणाचं काम चाललं होतं आणि एका जागी दुभाजक काढलेला होता. सकाळी तिथूनच ओलांडायचं ठरलं. घोडी, बिऱ्हाड आणि लहान कोकरं घेऊन बायका आधी पलीकडे जाणार, मागून मेंढरं. नेहमीची रीतच ती. मेंढरं बाप्यांची, कोकरं बायकांची.

निघायच्या आधी राणीची आई, बयाबाई, घोडीवर बिऱ्हाड बांधता बांधता म्हणाली, "राणे, त्यांची ती जत्रंतली ववी हाय नव्हं तुज्याजवळ? तीबी घाल की त्यात. सांजच्याला मेंढरं बसवताना म्हनायचं ते. लय दिस झालं ऐकून."

 बिरोबाच्या जत्रेत म्हटलेली ओवी लॅपटॉपवर होतीच. तिनं दगडावर बसून डबा जोडला. नीटनेटकेपणाची हौस भारी, म्हणून आधी डबा सगळा रिकामा केला. मग चारी आवाजांना एक-दोन-तीन-चार असे आकडे दिले, ओवीला शेवटचा, आणि पहिल्या वेळेसारखं एकेक न घालता आख्खा फोल्डर एकदम डब्यात टाकला. लॅपटॉपच्या पडद्यावर क्रम बरोबर दिसत होता.

फक्त वाजवून बघितलं नाही. कसं बघणार? मेंढरं शेजारीच बसलेली. हाळी वाजली असती तर सगळी उठून हायवेकडं चालायला लागली असती.

बायका पलीकडे गेल्या, मागून धनाजीचं खांडही गेलं. धनाजीनं लाल पटका सोडून हातात धरला आणि दक्षिणेच्या बाजूनं येणाऱ्या गाड्या थांबवल्या. दुसऱ्या बाजूला त्याच्या गड्यानं थांबवल्या. धुळानं मधलं बटण दाबलं. हाळी घुमली. मेंढरं उठली, पुढची हायवेवर उतरली, मागची त्यांच्या मागं. 

अर्धं खांड डांबरावर आलं तेव्हा पुढची मेंढी यंत्रांच्या धडधडाटाला बुजली. तिला थोपवून सावरायचं म्हणून धुळानं पुढचं बटण दाबलं, थांबायच्या हाळीसाठी.

डब्यातून ओवी सुरू झाली.

धुळाचा स्वतःचा आवाज, ढोल, झांजा. मेंढरांनी कान टवकारले. रोज संध्याकाळी ही ओवी म्हणजे आता बसायचं, दिवस संपला, ही त्यांची सवय. हायवेच्या मधोमध ती थबकली, आणि एक म्हातारी मेंढी चक्क गुडघे मोडून डांबरावर बसली.

गाड्यांचे भोंगे सुरू झाले. धुळानं घाईनं पुन्हा बटण दाबलं आणि या खेपेला वळायची हाळी वाजली. पुढची मेंढरं मागे फिरली, मागची पुढं रेटत होती, मध्ये नुसता गुंता झाला. राणीला लख्खकन कळलं. डबा आकड्यांकडे बघतच नव्हता. जो आवाज ज्या क्रमानं आत पडला त्याच क्रमानं तो वाजवत होता, आणि आत कुठला आधी पडला ते तिच्या शहाण्या लॅपटॉपनं आपल्या मर्जीनं ठरवलं होतं. 

"नाना, हटवा! ट्रक थांबंना!" धनाजी पटका हलवत ओरडला.

उतारावरून एक भरलेला ट्रक थांबलेल्या गाड्यांना वळसा घालून रिकाम्या पट्ट्यातून येत होता. धुळानं डबा सोडला, दोन्ही हात वर केले आणि तोंड उघडलं. जन्मभर ज्या तोंडातून हाळी निघाली त्यातून नुसती हवा निघाली. बापाचं ते उघडं तोंड बघून राणीला रडू फुटलं, पण रडायलासुद्धा वेळ नव्हता. ती मेंढरांत घुसली आणि हातांनी ढकलायला लागली. मेंढरं तिला घाबरून आणखीच दाटली.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"कुर्रऽऽ या! कुर्रऽऽ या गं बायांनो, या!"

बयाबाई घोडी सोडून रस्त्याच्या कडेला आली होती. ही मेंढरांची हाळी नव्हतीच. ही कोकरांची. रानातून आया परतायच्या वेळी, पाल्यासाठी, पाण्यासाठी, बयाबाई कोकरांना घालायची ती. पण या खांडातली एकूण एक मेंढी कधीतरी तिच्याच हाताखालचं कोकरू होती.

बसलेली म्हातारी आधी उठली. मग पुढची, मग सगळी. बें-बें करत, एकमेकींवर चढत, मोठाल्या मेंढ्या कोकरांसारख्या उड्या मारत बयाबाईकडं धावल्या. शेवटचं मेंढरू मातीवर उतरलं आणि ट्रक करकचून ब्रेक दाबत धुळाच्या पुढ्यात येऊन थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून शिव्या दिल्या. धुळानं त्याला हात जोडले आणि रस्ता ओलांडला.

पलीकडे धनाजी पटका गुंडाळत उभा होता. शब्दाप्रमाणं खांड आता त्याचं. राणी मान खाली घालून म्हणाली, "धनाजीदादा, चूक माझी झाली. आबांची न्हाई."

धनाजीनं मेंढरांकडं बघितलं. ती बयाबाईच्या लुगड्याला तोंडं घासत होती. "आता ही माज्या खांडात ऱ्हातील व्हय?" तो म्हणाला. "काकी हाळी घालंल तिकडं पळतील. तुमचं तुमी सांभाळा, नाना." आणि तो आपल्या मेंढरांकडं निघून गेला.

धुळा बायकोकडं बघत होता. इतकी वर्षं ती घोडी ओढत चालली होती आणि तिच्या गळ्यात आख्खं खांड होतं, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं गळ्यातला डबा काढला, राणीपुढं धरला, आणि मग बयाबाईकडं बोट केलं. तिचा आवाज यात भर, असं त्याचं म्हणणं होतं.

राणीनं मोबाइल काढून आईपुढं धरला. बयाबाईनं तो हातानं बाजूला सारला.

"मी जित्ती हाय की अजून. मला कशाला डब्यात घालतासा? म्होरनं मी हाळी घालीन, मागनं ह्ये येत्याल." मग नवऱ्याच्या हातातला डबा घेऊन तिनं आपल्याच गळ्यात अडकवला. "ववी मातर ऱ्हाऊ दे ह्यात. ती त्यास्नीच म्हनाय येती."