खिंडीच्या अलीकडे

माझा थोरला भाऊ फौजेत होता. वडूजच्या बाजूला आमचं गाव; तिथं घरटी एक माणूस फौजेत असतो, त्यामुळे त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. पण नोकरीतली काही वर्षं दादाची बदली उत्तराखंडात, तिबेटच्या सीमेलगतच्या एका चौकीवर होती. कैलास-मानसरोवरला निघालेले यात्रेकरू त्या चौकीवरूनच वर खिंडीकडे चालत जायचे. दादा आणि त्याचे सोबती त्यांना गरम पाणी द्यायचे, कुणाचा पाय मुरगळला तर बांधून द्यायचे. खिंडीच्या पलीकडे दुसरा देश. वर्दीतल्या माणसाला तिकडे पाऊल टाकायची मुभा नव्हती.

एकदा विजापूरकडची एक म्हातारी त्याच्या हातावर शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरीचा तुकडा ठेवून म्हणाली होती, "एवढ्या जवळ राहतोस, तू का येत नाहीस?"

"ड्युटी हाय, आज्जी."

"मग ड्युटी संपल्यावर ये."

ही गोष्ट दादानं आम्हाला इतक्यांदा सांगितली होती की त्यातल्या म्हातारीचा चेहरासुद्धा मला पाठ होता. गोष्टीचा शेवट ठरलेला. "रिटायर झालो की जायाचं. घोड्यावर न्हाई, चालत."

पण रिटायर झाल्यावर साखर कारखान्यात वॉचमनची नोकरी आली, पोरांची लग्नं आली, उसाच्या पाण्याच्या पाळ्या आल्या. साठी ओलांडल्यावर त्याला सवड मिळाली. तोवर माझे मालक गेले होते आणि मीही सांगलीतल्या एसटीच्या ऑफिसातून निवृत्त झाले होते. एका दिवाळीत दादा म्हणाला, "बाय, तू बी चल. घरात बसून काय करणार हायस?"

वैनींनी आधीच हात वर केले होते. "माझं गुडघं मला परसात न्हेत न्हाईत, डोंगरावर कुठलं न्हेत्यात?"

मग आम्ही दोघांनी सराव सुरू केला. मी पहाटे सांगलीहून हरिपूरच्या रस्त्यानं संगमापर्यंत जायची आणि परत यायची. दादा पाठीवर ज्वारीचं अर्धं पोतं बांधून माळावर फिरायचा. गावातले लोक हसायचे. त्यानं ते मनावर घेतलं नाही. रोज सकाळी फोन करून मला विचारायचा, "आज दम लागला का?" नाही म्हटलं की चिडायचा. "मग तू चाललीच न्हाईस."

अर्ज भरायचे दिवस जवळ आले आणि देश बंद झाला. यात्राही रद्द झाली. तेव्हा वाईट वाटलं नाही. माणसं मरत होती, आम्ही यात्रेचं कुठल्या तोंडानं बोलणार? दादा म्हणाला, "फुडल्या साली जाऊ. डोंगर कुठं पळून जातोय?"

सराव मोडू नये म्हणून एकदा त्यानं वडूजहून सांगलीला चालत यायचं ठरवलं. जिल्ह्याबाहेर जायला पास लागतो हे त्याला ठाऊक होतं, पण पास गाडीला लागतो, पायाला कशाला, असा त्याचा समज. मायणीच्या पुढे जिल्ह्याच्या हद्दीवर रस्त्यात बांबू आडवे बांधलेले. एक हवालदार आणि ड्युटीवर नेमलेले एक प्राथमिक शिक्षक खुर्च्या टाकून बसलेले.

"आवं नाना, पास?"

"मी चालत निघालोय."

"चालत असू द्या न्हायतर उडत. कशासाठी जाताय? दवाखाना, मयत, का लगीन?"

"कैलासाला जायाची तयारी करतोय."

शिक्षक हसले. हवालदार हसला नाही. तो म्हणाला, "नाना, त्या कैलासाला आत्ता लय लोक चालल्यात. तुमी घराकडं जावा."

दादा परत फिरला. त्यानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मीही हसले. तो म्हणाला, "जिल्ह्याची शीव वलांडू देत न्हाईत बाय, आन आपुन देश वलांडायला निघालोय."

दुसऱ्या लाटेच्या तोंडावर लस आली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेत दादा पहिल्या दिवशी उभा होता. त्याला एका कंपनीची लस मिळाली, मला सांगलीत दुसऱ्या कंपनीची. यात्रा करवणाऱ्या एका एजंटाला मी फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, तुमची चालेल की नाही सांगता येत नाही. भावाची चालेल की नाही तेही सांगता येत नाही. तिकडचे लोक म्हणतात, त्यांचीच लस पाहिजे."

"ती मिळते कुठं?"

"इथं नाही मिळत."

पुढच्या वर्षी तोच एजंट म्हणाला, आता लशीचं एवढं नाही, पण निघायच्या आधी तपासणी आणि तिकडे गेल्यावर विलगीकरण लागेल. किती दिवस, ते ठरलेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाला, तपासणीही लागणार नाही, पण रस्ता बंद आहे.

"का बंद आहे?" मी विचारलं.

"आता ते वरच्या लोकांनाच माहीत."

त्या वर्षांचा राग अजून माझ्या पोटात आहे. प्रचारसभा भरल्या, जत्रा भरल्या, क्रिकेटचे सामने झाले. आमच्या कॉलनीतली मंडळी दुबई बघून आली आणि खजुराचे डबे वाटून गेली. आमची वाट मात्र बंद. आधी साथीचं कारण होतं. साथ ओसरल्यावर दोन देशांचं भांडण उरलं. पण हे उघडपणे कुणी सांगेना. दर उन्हाळ्यात आम्ही बातमीची वाट बघायचो आणि बातमी यायची नाही.

माधवनगरला माझे ब्लाउज शिवणारा टेलर आहे. त्याच्या अब्बांची हज दोन वर्षं अशीच अडली होती. उघडली तेव्हा पासष्टच्या आतल्यांनाच जाऊ देणार असं निघालं. "अट पुढच्या साली उठली, बाई," तो मशीनवरची मान वर न करता म्हणाला, "पण तोवर अब्बाच उठून गेले." मी हे दादाला सांगितलं नाही.

शेवटी वाट उघडली. बातमी दादानंच मला फोनवर वाचून दाखवली, शाळेतल्या पोरासारखी, एकेक शब्द सुटा करून. दुसऱ्या दिवशी तो वडूजला अर्ज भरायला गेला. कॉम्प्युटर त्याची जन्मतारीख घेईना. वयाची अट सत्तरची, आणि कागदावर दादानं नुकतीच सत्तरी ओलांडलेली.

कागदावर, असं म्हणायचं कारण आहे. आमच्या वेळी जन्मतारीख शाळेतले गुरुजी अंदाजानं लिहीत. फौजेची भरती निघाली तेव्हा दादा वयात बसत नव्हता, म्हणून वडलांनी गुरुजींना सांगून त्याचं वय वर्षानं वाढवून घेतलं होतं. ही गोष्ट अख्ख्या भावकीला ठाऊक. त्या वाढवलेल्या वर्षामुळे तो भरती झाला आणि त्या चौकीवर पोचला. आता तेच वर्ष त्याला खिंडीच्या अलीकडे ठेवत होतं.

मी म्हटलं, "दादा, दिल्लीला लिहू. साथीमुळं थांबलेल्यांना सवलत द्या म्हणू."

"फौजेची पेन्शन ह्याच तारखेवर घेतोय. आता कुठल्या तोंडानं खोटी म्हणू?"

मी अर्ज भरणार नव्हते. त्यानं भरायला लावला. सोडतीत माझा नंबर लागला आणि आमचं भांडण झालं. मी म्हणाले, तुझ्याशिवाय मी जाणार नाही. तो असा ओरडला की वैनी चुलीपुढून उठून बाहेर आल्या. "आपल्या घरातलं कुणी तरी पलीकडं जाऊ दे की! का दोघांनी बी हितंच मरायचं?"

मी गेले. मिरज स्टेशनवर तो सोडायला आला होता. दिल्लीत डॉक्टरांनी तपासलं, पास केलं. पुढे मला चालायला मिळेल असं वाटलं होतं, पण मधल्या वर्षांत डोंगर फोडून रस्ता झाला होता. ज्या चढावर दादानं माणसांचे पाय बांधले होते, तो आम्ही गाडीत डुलक्या घेत पार केला. एक चौकी दिसली. त्याची हीच का, हे विचारायला गाडी थांबली नाही.

पलीकडे कैलासाच्या परिक्रमेत मात्र चालले. बर्फातली चढण, हवा पुरत नव्हती, सोबतच्या बायका हात जोडून रडत होत्या. मला रडू आलं नाही. मनात देवाचं काही नव्हतं, खरं सांगते. सगळी वाट मी आत कुणाशी तरी भांडत चालले होते. तपासणी, लस, पास, तारीख. अर्ध्या पोत्याच्या ओझ्यानं जे पाय तयार झाले होते, ते गावाकडे माळावर राहिले आणि माझे आले.

परत आल्यावर आधी गावी गेले. दादाच्या हातात मानसरोवराच्या पाण्याची बाटली दिली. त्यानं ती कपाळाला लावून देवघरात ठेवली. मग विचारलं, "जेवणाचे हाल झाले का?"

"न्हाई."

"गाडीनंच गेलीस न्हवं वरपर्यंत?"

"रस्ता झालाय आता, दादा."

"व्हय, ऐकलंय." एवढं बोलून तो उसाला पाणी द्यायला गेला.

त्यानं पुढे काही विचारलं नाही, त्या मुक्कामात नाही आणि नंतरही नाही. आधी मला वाटलं, दुखावलाय, ओसरेल. मग माझाच राग वाढला. तूच पाठवलंस ना? मग ऐकून तरी घे.

वैनींना मात्र सगळं ऐकायचं होतं. त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता त्या हळू आवाजात विचारत होत्या. "पलीकडं माणसं कशी असत्यात वो, वन्सं? डोंगर काळा दिसतोय का पांढरा?" मी सांगायला लागले. तेवढ्यात दादा रानातून येऊन बाहेरच्या सोप्यात बसला. आमचं बोलणं त्याच्या कानावर जात होतं. त्यानं टीव्ही लावला आणि बातम्यांचा आवाज वाढवला.

"सांगा तुमी," वैनी म्हणाल्या. मी आवाज आणखी खाली आणून सांगत राहिले.