दात कशाला पाहिजेत?

आमच्या दातवाल्या डॉक्टरएवढा विक्षिप्त माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरा नसंल, आणि असलाच तर त्यालाबी ह्यानंच कवळी बसवलेली असंल. बाकीचे डॉक्टर आधी तोंड उघडायला लावतात, हा आधी डबा उघडायला लावतो. त्याच्या दवाखान्यात औषधाचा वास कमी आणि लसणाच्या चटणीचा जास्त. पेशंट खुर्चीत टेकला रे टेकला की पहिला सवाल, "दात कशाला पाहिजेत?" आता हा काय प्रश्न झाला? माणूस गडबडतो, म्हणतो, खायाला. "काय खायाला?" भाकरी. "कुस्करून खाता का तोडून? असं करा, उद्या भाकरी घेऊन या आणि माझ्यासमोर बसून खा." आणि समोरचा खाऊ लागला की हा त्याच्या जबड्याकडं असा टक लावून बघतो, की खाणाऱ्याला ठसका लागावा. वर चटणी भारी हाय म्हणून अर्धी भाकरी आपणच संपवतो.

उदगीरचा एक कापडवाला आला होता. मला मोत्यासारखे पांढरे दात पाहिजेत म्हणाला. डॉक्टरनं त्याला साफ सांगितलं, "शेठ, असे दात घालून गिऱ्हाइकापुढं हसलात तर ते म्हणंल, आपल्याच पैशावर चमकायलाय." आणि दिले जरा पिवळसर दात. अहमदपूरच्या एका सनईवाल्याला तर कवळी घालून दवाखान्यातच सनई वाजवायला लावली. बाहेर बसलेली माणसं वरात आली म्हणून उठून उभी राहिली. सूर चिरकला की डॉक्टर कवळी काढून घासायचा, परत घालायचा, परत वाजव म्हणायचा. अंगावरच्या पांढऱ्या डगल्याला कायम गुलाबी मेण चिकटलेलं, चष्मा कपाळावर, आणि चष्मा कुठं गेला म्हणून सगळ्यांवर ओरडणं चालू. असल्या माणसाच्या हाती कुणी आपलं माणूस द्यावं का? मीबी दिलं नसतं. पण वेळ आली.

आमची कारभारीण जन्मभर मिश्री लावायची. टाळूला गाठ आली, तपासली, तर कॅन्सर निघाला. अर्धी टाळू काढावी लागंल म्हणाले, मग किरणांचा शेक. एका टेबलाभोवती मोठ्या सर्जनबाई, शेकाचे डॉक्टर आणि हा आमचा बसला. सर्जनबाईंनी मला समजावलं, शेक दिल्यावर दात काढला तर जखम भरत न्हाई, हाड सडतं, म्हणून कच्चे दात आधीच काढायचे. तसा हा मधेच उठला. देवणीच्या बाजारात बैलाचे दात बघतात तशी कारभारणीची हनुवटी धरून आत बघितलं आणि म्हणाला, "बाई, बाकीचे न्या, पण ह्या दोन दाढा माझ्या. घट्ट हायेत. मी खोटी टाळू करणार, ती ह्यांच्यावर अडकवणार." बाईंनी दाढांचा फोटो उजेडात धरला, दोघं घासाघीस करत बसले. बायको माझी, आणि सौदा ह्यांचा! शेवटी दाढा वाचल्या.

मग त्यानं ठरलेला सवाल टाकला, "मावशी, दात कशाला पाहिजेत?"

कारभारीण म्हणाली, "खायाचं काय, पेज पिऊन राहीन. माझ्या बगळीला हाक मारता आली पाहिजे."

बगळी म्हणजे आमची देवणी गाय. वासरापासून हिनंच वाढवलेली. ही जीभ टाळूला लावून टॉक टॉक असा आवाज काढायची, "बगळे, ये गं" म्हणायची, की गाय पान्हा सोडायची. दुसऱ्या कुणाला थेंब द्यायची न्हाई. आणि गाय गाभण होती.

दुसरा असता तर हसला असता. ह्यानं फोन काढला आणि तो आवाज भरून घेतला. पुढं महिनाभर ह्याच्या खिशातून टॉक टॉक ऐकू यायचं. चहाच्या टपरीवर फोन कानाला लावून हा जीभ वाजवायचा आणि माणसं सरकून बसायची.

ऑपरेशन झालं. टाळूच्या जागी भोक. पाणी प्यायली तर नाकातून यायचं, बोलली तर सगळं नाकात. शेकानं तोंड सोललं. तिनं बोलणंच सोडलं. पदरानं तोंड झाकून हातानं खुणा करायची. अशात बगळी व्याली. ही गोठ्यात गेली, जीभ वाजवायला बघितली. नुसतं फुस्स झालं. गाईनं कानसुद्धा हलवला न्हाई. वासराला तेवढं पाजलं, चरवीत थेंब सोडला न्हाई. ही भिंतीकडं तोंड करून बसली. मला भ्या वाटलं. गाठीनं न्हाई नेलं, तर आता ही हाय खाऊन जाईल.

डॉक्टरनं एक टाळू केली, दुसरी केली. जखम आटते तशी आतली जागा बदलते म्हणायचा. पाणी नाकातून यायचं थांबलं, शब्द कळू लागले, पण टॉक काही होईना. फोन ऐकायचा, मान हलवायचा, घासायचा. मी विचारलं, "साहेब, कळतंय ना बोलणं? मग बास की." माझ्यावरच उखडला. "माझ्या कानाला कळून काय करता? गाय कुठं हाय?"

"गावाला."

"मग मी इथं काय करायलोय?"

आणि घासायचं यंत्र गाडीत घालून आला की आमच्या गावाला! गोठ्यात वायर ओढली, शेणात गुडघे टेकले. बगळीनं पहिल्याच दमात शेपटी मारून चष्मा उडवला. कारभारीण टाळू घालायची, जीभ लावायची, फुस्स. हा मेण लावायचा, घासायचा. परत फुस्स. बांधावर सारा गाव गोळा झालेला, कुणी दात काढत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, राहू द्या आता. तो म्हणाला, "मामा, गप बसा. पुढून जरा जाड पाहिजे." आणि पुढून मेणाचा थर दिला.

टॉक.

बगळीचा रवंथ थांबला. कान वळला, मग मान वळली.

"अवो, बघत काय थांबलाव?" कारभारीण माझ्यावर ओरडली. "चरवी आणा की!"

इतक्या दिवसांनी मिळालेली ती बोलणी मला साखरेसारखी लागली. डॉक्टर गोठ्यात बसून लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता.

नंतर ती बोलली, भांडली, मिश्री लावणाऱ्या बाया दिसल्या की टाळू काढून दाखवायची. पण दुखणं मानेत उतरलं. ह्या थंडीत ती गेली.

आता बगळी पुन्हा व्याली हाय. मी जीभ वाजवतो, पण माझ्या तोंडात एकबी दात न्हाई. आवाज घसरतो, हाक लोळते, गाय लाथ मारते. शेजारी म्हणतात, इकून टाका. परवा लातूरला गेलो. डॉक्टरनं मला खुर्चीत बसवलं आणि सवयीनं बोलून गेला, "दात कशाला पाहिजेत?" मग माझ्याकडं बघितलं आणि चष्मा शोधू लागला. चष्मा कपाळावरच होता.

मी म्हणालो, "बगळीला हाक मारायची हाय."

तो लई वेळ माप घेत राहिला. मग फोन काढला. कारभारणीचं टॉक टॉक अजून ठेवलेलं होतं. दोघांनी ऐकलं. म्हणाला, "हिच्यासारखं न्हाई जमायचं, मामा. तुमचं तुमच्यासारखं होईल. गाईला शिकावं लागंल. दात होईस्तोवर हाक मारू नका, नुसतं जवळ बसा."

म्हणून रोज सांजच्याला गोठ्यात बसतो. बगळी रवंथ करते, आणि तिच्या शेजारी रिकामं तोंड हलवत मीबी.