वैशाखातली आत्याची थंडी

वैशाखात आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत बाप्येमाणसं गॅलरीत उघड्या अंगानं पडलेली असत. आत्या मात्र आत, चुलीला पाठ देऊन, बाबांचा लोकरीचा स्वेटर घालून बसायची. वर घोंगडी. "माका थंडी वाजता," म्हणायची आणि आम्ही खो-खो हसायचो.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून आमच्यातच राहायची आणि गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला जायची. तुटलेल्या सुताला गाठ मारण्यात तिचा हात धरणारं खात्यात कुणी नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना चाळीतल्या बायकांना गोळा करून नेणारी तीच. अशा बाईनं त्या वर्षी झोपायचाच धंदा मांडला. तांदूळ निवडताना झोपायची, आई केस विंचरून देताना झोपायची. एकदा तर मैदानावरच्या सभेत, हजारो माणसं टाळ्या वाजवत असताना, माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी हलवलं तर म्हणाली, "झोपलंय खय? डोळे मिटून आयकतंय."

मी तेव्हा पंधरा वर्षांची, जिभेला हाड नसलेली. "आत्या, हा तुझा सत्याग्रह की झोपाग्रह?" असं मी चारचौघींत विचारलं आणि तो शब्द चाळभर झाला. नळावरच्या बायकाही विचारायला लागल्या, "झोपाग्रह कसा चाललाय?" आत्या हसायची, पण पूर्वी तिनं एकाला दोन सुनावली असती. आता उत्तर यायलाच वेळ लागायचा, तोवर समोरची बाई हंडा भरून निघून गेलेली असायची.

तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला होता. आई म्हणायची, झोपून झोपून अंगावर मांस चढलंय. आवाज घोगरा झाला होता, पण त्या दिवसांत घोषणा देऊन अख्ख्या चाळीचाच आवाज बसलेला, त्यात तिचा वेगळा कुणाला कळणार? कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं "रक्त कमी आहे" म्हणून लोहाचं लाल औषध दिलं. आईनं गूळ-शेंगदाणे आणि पालक सुरू केला. दोन बाटल्या संपल्या. आत्या होती तशीच.

मग एका सकाळी बायकांचा मोर्चा निघाला. आई, आत्या आणि हट्ट करून मीही गेले. पोलिसांनी अडवलं, आम्ही रस्त्यावर बसलो आणि आम्हाला उचलून गाडीत घातलं. गाडी उन्हात तापलेली, आत पंचवीसएक बायका, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणून पत्रा बडवत होत्या. आत्या कोपऱ्यात स्वेटर घट्ट लपेटून घोरत होती. चौकी आली. सगळ्या उतरल्या, ती उतरेना. वयस्कर हवालदार आत डोकावून म्हणाला, "बाई, उतरा. अटक झालीय तुम्हाला."

"पाच मिनटा ऱ्हव," आत्या डोळे न उघडता म्हणाली.

आम्ही सगळ्या हसलो. हवालदार हसला नाही. आम्हाला बाकांवर बसवल्यावर तो आत्याकडे बघत राहिला आणि आईला म्हणाला, "ह्यांना नेहमीच एवढी थंडी वाजते?"

"हो. आणि झोप तर विचारू नका."

"आवाज कधीपासून असा?"

"घोषणांनी बसलाय."

"घोषणांनी बसलेला आवाज आठ दिवसांत सुटतो, ताई. माझ्या बायकोचं हुबेहूब असंच झालं होतं. मोठ्या इस्पितळात दाखवा. आमच्यासारख्या उगाच लोहाच्या बाटल्या पाजत बसू नका."

आई चपापली. आत्या मात्र तेवढ्यापुरती खडबडून जागी झाली. "सरकारचो माणूस! ह्याचा आयकून मी औषध घेऊ?"

संध्याकाळी आम्हाला सोडून दिलं. दुसऱ्याच आठवड्यात आईनं तिला परळच्या इस्पितळात नेलं. सल्ला सरकारी नाही, हवालदाराच्या बायकोचा आहे, अशी तिची समजूत घातली. सोबत मी होते.

डॉक्टरांनी तिची नाडी बराच वेळ धरली. भुवयांची विरळ झालेली टोकं पाहिली, कोरडी कातडी चाचपली. मग तिला खुर्चीवर गुडघे टेकायला लावून टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर परत यायची त्याला काही घाई नव्हती. डॉक्टरांनी मान डोलावली.

"थंडी आणि झोप, एवढंच सांगत पुष्कळ जण येतात," ते म्हणाले. "कुणाचं रक्त कमी असतं, कुणाला मधुमेह असतो, कुणाच्या मनावर भार असतो. रक्त आम्ही तपासूच. पण तुमच्या गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते, ती अंगाची आच राखते. मला वाटतं, तिनं काम टाकलंय."

आत्यानं विचार केला. "म्हणजे संपावर गेली?"

"तसंच समजा."

"मग तिच्यो मागण्यो काय?"

डॉक्टर इतके हसले की शेजारच्या टेबलावरची नर्स बघायला आली. मी मात्र हसले नाही. झोपाग्रह हा शब्द माझाच होता.

तपासण्यांत डॉक्टरांचाच अंदाज खरा निघाला. रोज एक गोळी, थोडीशीच सुरुवातीला, मग हळूहळू वाढवत. आणि बंद करायची नाही. पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. मग एका दुपारी आत्यानं स्वेटर काढून बाबांच्या खुंटीला लावला आणि "केवढो उकाडो!" म्हणाली. आई रडलीच.

श्रावण लागला तेव्हा मात्र नवंच उपटलं. कुणीतरी तिला सांगितलं की ही गोळी जनावराच्या ग्रंथीची पूड असते. आत्या श्रावणात मासळीला शिवत नसे. गोळी तिनं देवासमोर ठेवली आणि काही केल्या घेईना. शेवटी मी म्हटलं, "आत्या, मी तुला काय काय बोलले ते विसर, पण ही घे."

"तू बोललंस ता विसराक मी काय झोपलेलंय?" ती म्हणाली. मग देवाकडे बघून, "औषध हा रे ता, जेवण नाय," असं त्याला स्पष्ट सांगितलं आणि पाण्याच्या घोटाबरोबर गोळी गिळून टाकली.