धाकटीच्या गाडीचा कॉम्प्युटर

धाकटीला धाकटी म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. थोरली बहीण गेली आणि ती हाक बंद झाली. धाकटी स्वतःशी बोलायची तेव्हा मात्र अजूनही ‘धाकटे, गॅस बंद केलास का?’ असंच बोलायची, आणि तेही थोरलीच्या आवाजात. बाहेर सगळे तिला पडदेवाल्या बाई म्हणत. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायचे, घरी मशीनवर पडदे शिवायचे आणि परत जाऊन टांगून द्यायचे, हा दोघी बहिणींचा धंदा. त्यात थोरली बोलायची आणि धाकटी मोजायची. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. का केलं नाही, हे लोकांनी विचारायचंही आता सोडून दिलं होतं.

थोरली गेल्यावर बोलायचं कामही धाकटीवर आलं आणि तिथं तिची फार पंचाईत झाली. गिऱ्हाइकानं ‘निळा बरा की राखाडी?’ असं विचारलं की ती म्हणायची, “दोन्ही बरे.” आणि पुन्हा खिडकीला टेप लावायला लागायची. काम मात्र मिळायचं, कारण तिच्या हाताला सफाई होती. काम झालं की ती रॉड, टेप आणि स्टूल आवरून गाडीत बसायची. शेजारच्या सीटवर पूर्वी थोरली बसे, नमुन्यांचं जाडजूड बाड मांडीवर घेऊन. आता तिथं नुसतं बाड असायचं. ब्रेक दाबला की ते घसरून खाली पडे, म्हणून धाकटीनं त्याला सीटबेल्ट लावला होता.

गाडी जुनी होती, पण खोड्या करणारी नव्हती. एकदा एका चढावर ती अचानक बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही, दिवा विझावा तशी. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून जीव नकोसा केला. थोडा वेळ गेल्यावर मात्र किल्ली फिरवताच गाडी निमूटपणे सुरू झाली, जसं काही घडलंच नव्हतं. मग हे रोजचंच होऊन बसलं. गाडी तापली की बंद, गार झाली की चालू. एका मेकॅनिकनं पेट्रोलचा पंप बदलला. दुसऱ्यानं कॉइल बदलली, प्लग बदलले आणि शेवटी हात टेकले. “बाई, विकून टाका,” तो म्हणाला. “हिच्यात आता राम नाही.”

धाकटीनं ऐकून घेतलं आणि गाडी घेऊन निघाली. घरापर्यंत पोचली नाही, हे सांगायला नकोच.

ज्या टायरवाल्यासमोर ती त्या दिवशी अडकली, त्यानंच तिला फ्यूजमास्तरांचा पत्ता दिला. फ्यूजमास्तर म्हणजे गाड्यांच्या विजेचं काम करणारे गृहस्थ, धाकटीच्याच वयाचे. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचं गॅरेज एका गल्लीच्या टोकाला होतं, एका वेळी एकच गाडी मावेल एवढं. भिंतीवर वायरींची भेंडोळी, टेबलावर वायरी जोडायला डाग देण्याची सोल्डरिंगची दांडी, आणि दाराशी कुठल्याशा मोडीत गेलेल्या गाडीची मागची सीट जमिनीवर ठेवलेली, गिऱ्हाइकांना बसायला.

“बसा ताई,” मास्तर म्हणाले. “हिचं दुखणं आपल्याला ती चालू असताना पकडायचंय. वेळ लागेल.”

धाकटी बसली. मास्तर काम करता करता बोलत होते. रेडिओचे दिवस, दूरदेशी असलेला मुलगा, फोनवर तो फक्त हवामान विचारतो ते. “मी त्याला सांगतो, ऊन आहे. तो सांगतो, इकडे पाऊस आहे. झालं आमचं बोलणं!” आणि स्वतःच हसले. धाकटीलाही हसू आलं. आपण हसल्याचा आवाज ऐकून ती क्षणभर दचकलीच.

तपासणीचं यंत्र जोडलं तर इंजिन बंद पडताच ते यंत्रही मुकं होई. मास्तरांनी मान डोलावली. “हिच्या डोक्यातच बिघाड दिसतोय. इंजिन चालवणारा जो कॉम्प्युटर असतो ना, तो. खात्री करून घेऊ. घरी केस वाळवायचं यंत्र आहे का? माझं जळलं.”

दुसऱ्या दिवशी धाकटी थोरलीचा हेअर ड्रायर घेऊन आली. मास्तरांनी शेजारच्या सीटच्या पायाशी असलेलं झाकण काढलं. आत पुस्तकाएवढी एक पत्र्याची डबी होती. इतकी वर्षं थोरली तिच्यापाशी पाय पसरून बसत होती आणि दोघींनाही तिचा पत्ता नव्हता. इंजिन चालू ठेवून मास्तरांनी डबीवर गरम हवा मारली. थोड्याच वेळात इंजिन बंद. डबी गार केली, इंजिन चालू. पुन्हा गरम केली, पुन्हा बंद.

“सापडला चोर!” मास्तर ओरडले, आणि धाकटीनं चक्क टाळी वाजवली.

डबी उघडल्यावर आतला एक बारीक भाग फुटून त्यातला द्रव तांब्याच्या रेषांवर पसरलेला दिसला. रेषा खाल्ल्या गेल्या होत्या. मास्तरांनी भिंग लावून डाग दिले, पण ते टिकले नाहीत. मग त्यांनी तसाच जुना कॉम्प्युटर कुठूनतरी मिळवून बसवला. इंजिन एकदा गुरगुरलं आणि लगेच बंद पडलं. समोर किल्लीचं चित्र असलेला दिवा लुकलुकू लागला.

“हा तुमची किल्ली ओळखत नाही,” मास्तर म्हणाले. “चोरी होऊ नये म्हणून तसं केलेलं असतं. कॉम्प्युटर, किल्ली, आणि किल्ली वाचणारा भाग, तिघंही एकाच गाडीतले लागतात.”

“म्हणजे मीच चोर ठरले!” धाकटी म्हणाली, आणि यावर मास्तर पोट धरून हसले.

ती आता रोज येत होती. घरी मशीनवर कापड तसंच पडलेलं असे. दोन गिऱ्हाइकांना तिनं गाडी नाही म्हणून पुढची वेळ दिली होती. खरं तर टॅक्सीनं जाता आलं असतं. सकाळी उठल्यावर कुठंतरी जायचंय, कुणीतरी ‘आलात का?’ म्हणणार आहे, एवढ्यावर तिचा दिवस उभा राही. येताना ती थर्मासमध्ये चहा आणू लागली. मास्तर सवयीनं पेला पुढे करू लागले.

एके दिवशी दोघं मास्तरांच्या व्हॅनमधून मोडीत काढलेल्या गाड्यांच्या वाड्यात गेले. एकावर एक रचलेल्या गाड्यांच्या रांगांतून हिंडत मास्तर नंबर वाचत होते आणि धाकटी त्यांच्या मागून चिखल चुकवत चालत होती. शेवटी धाकटीलाच ती गाडी दिसली. तिच्याच गाडीची जुळी बहीण, फक्त लाल, आणि मागून चेपलेली. वाड्याच्या मालकाकडे तिची किल्लीही होती. मास्तर उताणे होऊन गाडीत शिरले आणि धाकटी त्यांच्या हाती एकेक पाना देत राहिली. परतताना ती खूप बोलली. थोरलीबद्दल, तिच्या शेवटच्या दुखण्याबद्दल, घरात दोन खाटा आहेत आणि एकीवर आता कापडाचे ताके ठेवते त्याबद्दलही. कुणापाशी एवढं बोलल्याचं तिला आठवेना. मास्तर गाडी चालवता चालवता ‘हं, हं’ करत होते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी बॅटरी सोडवली, कॉम्प्युटर आणि किल्ली वाचणारा भाग बसवला. कॉम्प्युटर किल्ली ओळखतो ती तिच्यातल्या चिपवरून; लाल गाडीच्या किल्लीतली ती तांदळाएवढी चिप काढून त्यांनी किल्ली घालायच्या कुलपाच्या कड्याशीच चिकटवून टाकली. आता धाकटीची जुनी किल्लीही चालणार होती. बॅटरी जोडली. धाकटीनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. मास्तरांनी ते चांगलं तापू दिलं. गाडी हूं की चूं करीना.

मास्तरांनी फडक्याला हात पुसले. त्यांचा चेहरा उजळला होता. “घ्या ताई! आता वर्षभर माझं तोंड बघायची वेळ येणार नाही तुमच्यावर.”

कामाचा अभिमान होता तो, दुसरं काही नव्हतं. धाकटी हसली, “देव तुमचं भलं करो” म्हणाली आणि गाडी बाहेर काढली. कोपऱ्यावर वळल्यावर तिला समोरचं नीट दिसेना, म्हणून तिनं गाडी कडेला घेतली आणि डोळे पुसून पुढे निघाली.

पुढचे काही दिवस गाडी लोण्यासारखी चालली. धाकटी प्रत्येक चढावर कान देऊन बसे. कधीतरी गचका बसावा, निदान एखादा दिवा लागावा, असं तिला वाटे. आणि असं वाटल्याची लाजही वाटे. शेवटी न राहवून ती गल्लीच्या टोकाला गेलीच.

“डाव्या बाजूनं काहीतरी खडखडतंय,” ती म्हणाली.

मास्तरांनी इंजिन ऐकलं, वाकून बघितलं, एक चक्कर मारून आले. “काहीही झालेलं नाही ताई. ठणठणीत आहे,” ते म्हणाले. गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. दाराशी सीटवर एक गृहस्थ बसले होते, त्यांची गाडी आत होती. मास्तर तिकडे वळले आणि मघाशी अर्धवट राहिलेलं वाक्य त्यांनी पुरं केलं: “मी मुलाला सांगतो, ऊन आहे. तो सांगतो, इकडे पाऊस आहे. झालं आमचं बोलणं!” गृहस्थ खो खो हसले.

धाकटीनं थर्मास गाडीतून काढलाच नाही. मास्तरांचा तिला राग आला नाही. भला माणूस; जो समोर बसेल त्याच्याशी बोलणारा. तिनंच मनात नाही नाही ते धरलं होतं. घरी येऊन तिनं मशीन पुढे ओढलं आणि साचलेलं काम उपसायला घेतलं.

त्यानंतर कधीतरी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. निवृत्त नर्स, वयानं बऱ्याच मोठ्या, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. “तुम्ही लावलेला पडदा एका बाजूनं वर आलाय हो. जरा बघून जा.”

धाकटी गेली. स्टुलावर चढून तिनं टेप लावला. पडदा दोन्ही बाजूंना सारखा होता, अगदी दोरीत. तिनं खाली बघितलं. नर्सबाई हात एकमेकांत गुंतवून उभ्या होत्या. टेबलावर दोन कप मांडलेले होते, बशांत बिस्किटं होती, आणि एक खुर्ची मुद्दाम खिडकीकडे तोंड करून ठेवलेली होती.

एरवी धाकटीनं सांगून टाकलं असतं की पडद्याला काही झालेलं नाही, आणि स्टूल उचललं असतं. गिऱ्हाइकाच्या घरी ती कधी बसत नसे. बसण्याचं खातं थोरलीचं होतं.

“किंचित फरक आहे खरा,” ती म्हणाली. “शिवण उसवून बघावी लागेल. वेळ लागेल.”

“लागू दे की,” नर्सबाई घाईघाईनं म्हणाल्या. “मला कुठं जायचंय?”

धाकटी खाली उतरली, पडदा मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसली आणि धड असलेली शिवण सावकाश उसवू लागली. नर्सबाईंनी कपात चहा ओतला. बोलायचं काय, हे दोघींनाही सुचत नव्हतं. धाकटीनं एक घोट घेतला, खिडकीबाहेर बघितलं आणि तीच म्हणाली, “ऊन आज बरंच आहे, नाही?”

“हो ना,” नर्सबाई म्हणाल्या, आणि आपली खुर्ची थोडी जवळ ओढून बसल्या.