आधी ट्रे बघायचा

ऑपरेशन थिएटरातल्या या नर्सला सगळे ‘चिमटाबाई’ म्हणायचे. सर्जनने हात पुढे करून ‘कात्री’ म्हणायचा अवकाश, कात्री तळहातावर. आयुष्य असं उभ्यानं काढलं आणि एक दिवस गुडघ्यांनी संप पुकारला. मोठ्या डॉक्टरांनी घरी बसायचा सल्ला दिला. पण ही बसणाऱ्यातली नव्हे. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात एक जागा रिकामी होती. तिथल्या साहेबांसमोर प्रोग्राम लिहून दाखवला तर जागा तिची, नाहीतर घर आहेच.

सून पोटापाण्यासाठी प्रोग्रामच लिहायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. ब्लॉक म्हणजे कामाचा छोटा तुकडा. फंक्शन त्याला हाक मारतं आणि एकेका पेशंटची माहिती देतं. बाईंनी ब्लॉकच्या तोंडाशी दोन नावं लिहिली, आधी खाट, मग ताप. पडद्यावर उमटलं: खाट एकशे एक, ताप सात.

“सात ताप? आई, पेशंट फ्रीजमध्ये ठेवलाय का?”

“दात काढू नकोस. मी पहिल्यांदा खाट मागितलीय. त्याला वाचता येत नाही?”

“डोळे मिटा. हात पुढे करा. आज तुम्ही सर्जन.”

तळहातावर काहीतरी गार पडलं.

“चमचा,” बाई म्हणाल्या.

“त्याला कात्री म्हणा.”

“म्हणून काय होणार? चमचाच तो.” बाईंनी चमचा खाली ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. जन्मभर मागेल ते दिलं, म्हणून वाटलं होतं ब्लॉकही मागतो. कसला मागतोय! देणारा, म्हणजे फंक्शन, ठरवतो पहिलं काय, दुसरं काय; इथे आधी ताप एकशे एक, मग खाट सात. ब्लॉकने नुसतं नाव ठेवायचं.

नावांची अदलाबदल करून भागलं असतं. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. एकच नाव लिहून पाहिलं, नुसता ताप आला. तीन लिहिली, तिसरं रिकामं. सून जांभया देत होती, तरी सोडली नाही.

परीक्षेला साहेबांनी दुसरंच फंक्शन दिलं. बाईंनी ब्लॉकला हातच लावला नाही. फंक्शन उघडून वाचत बसल्या.

“बाई, ते आमचं काम आहे. तुम्ही आपला ब्लॉक लिहा.”

“ट्रेमध्ये काय, कुठल्या क्रमाने लावलंय ते बघितल्याशिवाय मी कामाला उभी राहत नाही, साहेब.”

देणारा आधी औषध देत होता, मग खाट. तिने नावं त्याच क्रमाने लिहिली. पडद्यावर प्रत्येक औषध आपापल्या खाटेला लागलं.

साहेबांनी पुन्हा चालवून पाहिलं. “सोमवारी या.”

“येते. खुर्ची तेवढी उंच ठेवा, गुडघे वाकत नाहीत.”