श्रावणीची करंगळी आणि माझी कविता

मित्रांनो, सकाळपासून मन खातंय, म्हणून तुमच्यापाशी बोलतो.

माझी सून घरीच पाळणाघर चालवते. यंदा मुलांसाठी तिला खेळांचा अभ्यासक्रम घ्यायचा होता. मीच हट्ट धरला, "कविता पाठ करून घेऊ. आम्ही तसंच शिकलो की!" माझं मन राखायला तिनं ऐकलं.

आज मुलं हाताची घडी घालून रांगेत कविता म्हणत होती. आई टॉवेलच्या कारखान्यात जाते म्हणून आमच्याकडे असणारी तीन वर्षांची श्रावणी, तिनं करंगळी वर केली. मी पाहिली. पण कविता रंगात आली होती, मी माझ्या जुन्या वर्गात पोचलो होतो. म्हणालो, "थांब गं, दोनच ओळी राहिल्यात."

पोरीनं पुन्हा घडी घातली आणि डोळे मिटून म्हणत राहिली. पायाखाली ओलं झालं, तरी हलली नाही.

सून धावत आली. "अण्णा, लेकरू हाय ते! दोन ओळी थांबतंय व्हय?"

कपडे बदलून घेताना श्रावणीनं मला हळूच विचारलं, "आजोबा, संपली का?"

उद्यापासून खेळांचाच अभ्यासक्रम, असं मी सुनेला सांगून टाकलंय. पण तीन वर्षांच्या मुलीची माफी कशी मागतात, कुणी सांगाल का?